नेलपॉलिशचा ठिपका

हमदम-उस्ताचा उजवा कान कामातून गेला होता, हे मार्गिलान शहरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याच्या तोंडावर कुणी बोलत नव्हतं. गाड्यांमध्ये स्पीकर बसवण्यात ज्याची हयात गेली, त्या उस्तादाचा कान शाबूत राहील कसा? डावा अजून चालायचा, पण बारीक आवाज त्यालाही धरता येत नसत. अंगणातल्या चिमण्या हमदमच्या लेखी केव्हाच गप्प झाल्या होत्या. तरीही शहरातली हौशी पोरं गाडी घेऊन त्याच्याच दारात उभी राहत, कारण बाजारात बसवलेले अ‍ॅम्प्लिफायर धूर सोडत आणि हमदमने बसवलेले वर्षानुवर्षं वाजत. अर्धा कान शिल्लक असलेल्या माणसाला हे जमतं कसं, याचं उत्तर त्याच्या घरातच होतं.

ते उत्तर म्हणजे त्याची लेक मोहिनूर. स्टिअरिंगवरून पुढचं दिसायला लागलं तेव्हापासून ती बापाच्या कामाला बसायची. ती पुढे ड्रायव्हरच्या जागेवर, हमदम मागे उघड्या डिकीशी गुडघे टेकून. अ‍ॅम्प्लिफायरच्या कडेला एक बारका स्क्रू असतो. सगळ्या दुनियेला वाटतं, तो आवाज वाढवायचा स्क्रू. तसं नाही ते. पुढच्या रेडिओकडून आलेलं गाणं किती वाढवून स्पीकरला द्यायचं, एवढंच तो ठरवतो. जास्त पिळला की अ‍ॅम्प्लिफायरला झेपत नाही. आवाजाचा माथा छाटला जातो, गाणं वरून मोठं आणि आतून फाटकं होतं, आणि त्या फाटक्या आवाजाने स्पीकर आतल्या आत भाजत जातो. हे फाटणं आधी कोवळ्या कानाला कळतं. हमदम स्क्रू पिळत जाई आणि मोहिनूर मागे न बघता एक बोट सरळ वर करी. म्हणजे फाटला. मग तो केसभर मागे येई आणि बोट खाली जाई. मीटर लावून खात्री झाली की मोहिनूरच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा डब्यावर. पुढे कुणी स्क्रूला हात लावला तर ठिपका तडकायचा. तडकलेला ठिपका घेऊन तक्रार करायला आलेल्याला हमदम चहा पाजायचा, पण त्याचं ऐकून घ्यायचा नाही.

तर अशा या मोहिनूरचं लग्न शेजारच्या कोकंद शहरातल्या एल्योरशी ठरलं. हमदमला आनंद झाला आणि पाठोपाठ प्रश्नही पडला, की आता बोट कोण वर करणार. तो प्रश्न त्याने कुणाला विचारला नाही.

एल्योर पोरगा गुणी. बापाच्या कापडदुकानात बसायचा, मोठ्यांसमोर मान खाली, बोलणं मऊ. खोड एकच. मित्रांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. लग्नाच्या आधी तो आपली पांढरी गाडी घेऊन आला आणि चाचरत म्हणाला, की नवरी न्यायच्या दिवशी गाडीत गाणं जरा बरं वाजावं, अशी मित्रांची फार इच्छा आहे.

आता जावयाचं आमच्याकडे कसं आहे, की त्याला नाही म्हणायचं नाही. त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. त्याच्या माणसांसमोर त्याची मान खाली जाईल असं काही करायचं नाही, आणि सासऱ्याने तर मुळीच नाही. हमदमने निमूट डिकी उघडली. आत सीटच्या पाठीला लागून गॅसचं सिलिंडर आडवं निजलेलं होतं. फरगाण्याच्या खोऱ्यात कुणाच्या डिकीत ते नसतं? म्हणूनच हमदमचे नियम कडक होते. अ‍ॅम्प्लिफायर सिलिंडरपासून लांब. बॅटरीची वायर गाडीच्या दुसऱ्या अंगाने. बॅटरीला लागून, वीतभर अंतरात फ्यूज. आणि अर्थची, म्हणजे अर्थिंगची, वायर सीटच्या बोल्टखाली, रंग खरवडून, लखलखीत पत्र्यावर. सिलिंडरच्या पट्ट्याचा बोल्ट डिकीत सगळ्यात हाताशी असतो, दिसायलाही भक्कम. अर्धं शहर त्यालाच वायर गुंडाळून मोकळं होतं. हमदम त्याला 'आळशाचा बोल्ट' म्हणायचा आणि तिथे वायर लावणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. गॅसच्या तोंडाशी ठिणगीला घर बांधून देता का रे, असं विचारायचा.

लग्न ठरलेल्या मुलीने आधी नवऱ्याच्या गाडीत बसायचं नसतं. म्हणून त्या दिवशी मोहिनूर खिडकीच्या पडद्याआड उभी राहिली. पडद्याच्या कडेने बोट वर आलं, हमदम मागे आला, बोट खाली गेलं. ठिपका लागला. एल्योरने विचारलं, हे कशाला?

"ही माझ्या लेकीची सही आहे," हमदम म्हणाला. "हिला हात लावू देऊ नकोस कुणाला."

एल्योरने छातीवर हात ठेवून मान हलवली. मनापासून हलवली, हे खरंच.

लग्नाच्या दिवशी सकाळचा पुलाव उरकला आणि दुपार कलायच्या आत वरात आली. लांब कर्ण्यांनी गल्ली दणाणून सोडली. एल्योरच्या बापाला गुडघ्यांनी घरी बसवलं होतं, म्हणून वरातीचा म्होरक्या होता त्याचा काका तुर्सूनअली. मिशा भरघोस, जीभ धारदार. त्याने व्याह्याच्या मानाचा निळा चपान, तो पायघोळ अंगरखा, हमदमच्या अंगावर चढवला, पाठ थोपटली आणि आपल्या लोकांकडे वळला.

फाटकाशी पांढरी गाडी वाजत होती. हमदमला ते आधी तळपायांना कळलं. हा आवाज त्याचा नव्हता. त्याने लावलेला ठोका छातीवर बसायचा आणि सोडायचा. हा बसला की सोडतच नव्हता. प्रत्येक ठोक्याला गाडीचे दिवे मंदावत होते. म्हणजे बॅटरीचा जीव कुणीतरी भलतीकडेही ओढत होतं. हमदम गाडीकडे निघाला. एल्योरचा जिगरी दोस्त फर्रुख, आजचा सारथी, डिकीत डोकं घालून बसला होता. सासऱ्याला येताना पाहून त्याने डिकी धाडकन लावली आणि वर टेकून उभा राहिला.

"उस्ता, आज तरी सुट्टी घ्या. आज तुम्ही सासरे आहात."

पोरं हसली. हमदमने विचारलं, स्क्रूला हात लावलास का. फर्रुखने डोळे मोठे केले. नवरदेवाच्या गाडीची झडती घेणार का, म्हणाला, मग खिसे पण बघा आमचे. पुन्हा हशा. आता सांगा, बापाने करावं काय? भर वरातीत जावयाची डिकी उघडायला लावणं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखंच. एल्योर लांब मोठ्यांच्या घोळक्यात अडकला होता. तेवढ्यात हमदमच्या बायकोने, सआदतने, त्याची बाही ओढली. पोर निघते आहे, म्हणाली, आणि तुम्ही इथे वायरी कसल्या बघताय?

मोहिनूर बाहेर आली. डोक्यावरून पांढरी ओढणी, मान छातीला टेकलेली. निघालेल्या नवरीने सासरच्या उंबऱ्यापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नसतो. शिवाय एल्योरच्या घराण्याची आणखी एक रीत होती, की दोन उंबऱ्यांच्या मध्ये तिचा पाय उघड्या जमिनीला लागता कामा नये. दारापासून गाडीपर्यंत पांढरं कापड अंथरलं होतं. हमदमने दोन्ही तळवे उघडून दुवा म्हटली आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. मोहिनूर गाडीत बसली. सोबतीला तिची करामत वहिनी बसली. दार लागता लागता ओढणीखालून एक हात बाहेर आला आणि एक बोट सरळ वर झालं.

बायका म्हणाल्या, पाहिलंत का, देवाला स्मरते आहे पोर, आणि सगळ्याजणी रडू लागल्या. हमदमही रडला. त्या बोटाकडे बघत रडला! जन्मभर ज्या बोटाचा एकच अर्थ होता ते डोळ्यांसमोर होतं, आणि बाप देवाचं नाव घेत बसला. अशा दिवशी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, दुसरं काय.

गाड्या निघून गेल्या. नवरीचा बाप मागे जात नाही. तो फाटकाशी उभा राहतो, मग अंगण झाडतो, मग कोपऱ्यात बसून राहतो. हमदमने झाडू घेतला. उधळलेली चॉकलेटं, कागदाची फुलं, पिवळी पानं. पांढऱ्या गाडीचं तोंड जिथे होतं, तिथे पानांत काहीतरी चमकलं. त्याने उचललं. तो फ्यूज होता. त्यानेच बसवलेला, पारदर्शक पोटाचा. मार्गिलानात असले फ्यूज तोच वापरायचा. आतली पट्टी मधोमध वितळून तुटली होती.

फ्यूज उडाला होता, आणि गाणं तर शेवटपर्यंत वाजत गेलं. म्हणजे फ्यूजच्या जागी नुसती तार गुंडाळली होती. उडाला का? त्याने दिलं होतं त्याहून जास्त ओझं त्या वायरवर पडलं. म्हणजे फर्रुखने डिकीत दुसरा अ‍ॅम्प्लिफायर जोडला होता. घाईत, पानं-फुलं लावता लावता जोडला असणार. मग त्याची अर्थची वायर कुठे लावली असेल? जी जागा हाताशी होती तिथे. आळशाच्या बोल्टला. आणि कोकंदच्या रस्त्यावर गॅस भरायला सगळ्याच वराती थांबतात.

मग त्याला बोट आठवलं. शब्द काढायची बंदी असलेल्या पोरीने जे एकच बोलता येण्यासारखं होतं, ते बापाला, आपल्या अदाला, सांगितलं होतं. फाटला, अदा, फाटला.

त्याने एल्योरला फोन लावला. वाजून वाजून बंद. फर्रुखला लावला. करामत वहिनीला लावला. तिचा पिशवीत वाजत असणार. त्या गाडीत आज फोन कुणाला ऐकू येणार होता? त्याची तजवीज हमदमनेच स्वतःच्या हातांनी केली होती.

तो व्हॅनची किल्ली घेऊन निघाला तशी सआदत फाटकात आडवी उभी राहिली. नवरीचा बाप वरातीच्या मागे धावला म्हणजे काय, हे तिला सांगायला नको होतं. लोक म्हणणार, काहीतरी बिनसलं, बोलाचाली झाली, मुलगी परत मागितली. पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, ती म्हणाली, पहिल्याच दिवशी तिच्या बापाने अब्रू घालवली म्हणून. हमदमने तळहातावरचा जळका फ्यूज तिच्यासमोर धरला. इतक्या वर्षांच्या संसारात फ्यूज म्हणजे काय हे तिलाही कळत होतं, आणि नवऱ्याचा चेहरा त्याहून जास्त कळत होता. तिने स्वतःच फाटक उघडलं.

व्हॅन जुनी, छोटी, चढावर धापा टाकणारी. रस्त्यावर कापसाने डवरलेल्या ट्रॉल्या पुढे सरकता सरकत नव्हत्या. अंगातला मानाचा चपान काढायचंही हमदमला सुचलं नव्हतं. घामाने तो पाठीला चिकटला होता. वाटेत त्याच्या मनाने त्याला सोडलं नाही. काही नसलंच तर? बहिरा म्हातारा एका जळक्या फ्यूजवरून भुतं बघतोय, असं निघालं तर? फर्रुखने नीट जाड पट्टी बसवली असेल, अर्थ सीटच्या बोल्टलाच घेतली असेल. मग काय सांगशील तुर्सूनअलीला? तुझी हौस झाली, आणि भोगेल ती पोर. एका चौकात त्याने ब्रेकवर पाय ठेवलासुद्धा. मग म्हणाला, नसेल काही तर मी वेडा ठरेन. असेल तर? आणि त्याने पाय काढला.

गॅसच्या पंपावर त्याला आधी रंगीत फिती लावलेल्या गाड्यांची रांग दिसली, मग नाचणारी माणसं दिसली. भरताना गाडीत कुणी बसायचं नाही, हा पंपाचा नियम. सगळे लांब भिंतीशी उभे होते. नाचायला गाणं हवं म्हणून पांढऱ्या गाडीची पुढची दोन्ही दारं सताड उघडी टाकली होती आणि आवाज पूर्ण चढवला होता. गाडी पंपाला लागलेली होती. आणि मागच्या काचेतून पांढरी ओढणी दिसत होती.

सगळे उतरले होते. नवरी उतरली नव्हती, आणि तिच्यापायी करामत वहिनीही. नवरीचा पाय जमिनीला लागायचा नाही ना! पंपावरच्या माणसाने हात जोडून पाहिले असणार, आणि त्याच्या खिशात मूठ मूठ चॉकलेटं कोंबून त्याला गप्प केलं असणार. आता तो नळी हातात घेऊन वाकत होता.

हमदमने व्हॅन तशीच मधे सोडली आणि धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. मग उघड्या दारातून आत हात घालून त्याने गाडीची किल्ली फिरवली. रेडिओ बंद पडला, पण डिकीतून एक घुमघुम येतच राहिली. फर्रुखचा अ‍ॅम्प्लिफायर किल्लीला विचारत नव्हता, तो थेट बॅटरीला जोडलेला होता. हमदमने बॉनेट उघडलं. फ्यूजच्या जागी उघड्या तांब्याच्या तारेचे वेढे होते आणि खालचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलं होतं. त्याने चपानची बाही हातावर ओढली आणि तारेला हिसका दिला. बाही करपली, तळहात चरचरला, तार निघाली. घुमघुम थांबली.

भिंतीशी उभी असलेली सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. तुर्सूनअली पुढे आला. मिशीत हसत होता, डोळ्यांत नाही.

"काय व्याही? लेक परत न्यायला आलात?"

हमदम डिकीकडे गेला. जे त्याला अंगणात मनातल्या मनात दिसलं होतं तेच आत होतं. दुसरा अ‍ॅम्प्लिफायर सिलिंडरला टेकवून ठेवलेला. त्याची अर्थ आळशाच्या बोल्टखाली, बोटाने हलेल इतकी ढिली, आणि भोवती पत्र्यावर काळे ठिपके. ठिणग्या पडून गेल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरवरची लाल सही मधोमध तडकलेली. आणि सिलिंडरच्या तोंडाशी गॅसचा कुजक्या लसणासारखा वास, हलका, पण होता. पंपावरच्या माणसालाही तो आला. त्याने हातातली नळी हळूच जागेवर अडकवली आणि मागे मागे सरत सगळ्यांना लांब व्हायच्या खुणा करू लागला.

हमदमने सिलिंडरचा कॉक पिळून घट्ट बंद केला आणि मागचं दार उघडलं. "मोहिनूर, उतर."

करामत वहिनीने तिचा गुडघा धरून ठेवला. तिला बिचारीला काय माहीत?

"तिचा पाय जमिनीला लागायचा नाही," तुर्सूनअली म्हणाला. "आमच्या घराण्याची रीत आहे. तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

हमदमने अंगातला चपान काढला आणि दारासमोर धुळीत अंथरला. "तुमचाच आहे," तो म्हणाला. "तुमच्याच रीतीवर उतरते आहे."

मोहिनूर चपानवर उतरली. पण एक चपान म्हणजे एक पाऊल, दोन पावलं. पंपाबाहेरची तुतीची झाडं लांब होती. हमदम पुढे काय अंथरावं म्हणून सदऱ्याच्या बटणांना हात घालतो तोच एल्योर धावत आला. काय झालंय ते त्याला कळलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने अंगातला जरीकामाचा, नवरदेवाचा चपान काढला आणि पुढे अंथरला. मोहिनूर त्यावर आली तसा हमदमने मागचा उचलून पुढे टाकला. मग एल्योरने. मग हमदमने. सासरा आणि जावई वाकून वाकून, एकमेकांकडे न बघता, तिला झाडांपर्यंत घेऊन गेले. सगळी वरात बघत राहिली.

पोरांनी गाडी ढकलत पंपापासून पार लांब झाडांखाली आणली. दारं, डिकी, बॉनेट सगळं उघडून ठेवलं. वास गेला. आता गॅस नाही, टाकीतलं पेट्रोल कोकंदपर्यंत पुरेल, असं ठरलं. मग तुर्सूनअली डिकीशी आला, आत डोकावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की हे काम कुणाचं?

फर्रुख झाडाच्या बुंध्याकडे बघत होता. एल्योरने तोंड उघडलं. हमदमने ते पाहिलं. पोरगा खरं बोलणार होता. बोलला असता तर दोस्तांसमोर, काकासमोर, अख्ख्या कोकंदसमोर बोलला असता, की मी बायकोला असल्या गाडीत बसवलं. काकाने ते त्याला मरेपर्यंत विसरू दिलं नसतं. आणि त्या घरात मोहिनूरला राहायचं होतं.

"माझं," हमदम म्हणाला. "वायर माझी आहे. वय झालं, नजर चुकली. घरी आल्यावर लक्षात आलं म्हणून धावत आलो."

तुर्सूनअलीने एक सुस्कारा सोडला, समाधानाचा की तिरस्काराचा कळेना. "मार्गिलानचे मोठे उस्ता म्हणून ऐकून होतो," तो म्हणाला. "आमच्याकडे पंक्चर काढणारासुद्धा त्या बोल्टला हात लावत नाही."

दोन-चार जण हसले. हमदमच्या दोन्ही कानांच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर ज्या बोल्टवरून त्याने लोकांना शिव्या घातल्या, तो बोल्ट आता त्याच्या नावावर चढला होता. उद्या हे कोकंदच्या बाजारात जाईल, परवा मार्गिलानच्या. दारात गाड्या लावणारी पोरं कुजबुजतील. त्याला फार वाईट वाटलं, अगदी रडू येण्याइतकं. नावाशिवाय त्याने मिळवलं तरी काय होतं? पण त्याने शब्द मागे घेतला नाही. एल्योर त्याच्याकडे बघत होता आणि त्या पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, एवढं त्याने पाहिलं.

व्हॅनमधून त्याने हत्यारं आणली. फर्रुखचा अ‍ॅम्प्लिफायर उपटून त्याच्या हातात दिला. फर्रुखने तो मूल घ्यावं तसा दोन्ही हातांनी घेतला. नवी फ्यूजपेटी बसवली, वायर पूर्ण तपासली, भाजल्या हाताला चिंधी गुंडाळली. मोहिनूर चपानांवरून चालत पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसली. एल्योर पुढे बसला.

"अदा," खिडकीशी उभ्या हमदमला तो मान वर न करता म्हणाला, "मी..."

"गाणं लाव," हमदम म्हणाला.

मग तो मागे जाऊन डिकीशी गुडघे टेकून बसला आणि स्क्रू ड्रायव्हर स्क्रूत बसवला. मागच्या काचेतून लेकीची पाठमोरी ओढणी दिसत होती, आजवर कितीदा दिसली असेल तशीच. तो पिळत गेला. बोट वर आलं. तो केसभर मागे आला. बोट खाली गेलं नाही.

त्याने आणखी मागे घेतला. बोट तसंच वर. आपलंच चुकतंय का म्हणून त्याने मीटर लावलं. मीटर म्हणत होतं, आवाज स्वच्छ आहे, केव्हाचाच स्वच्छ आहे. तरी त्याने पुन्हा मागे घेतला. गाणं इतकं बसलं की झाडाखाली उभ्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बोट हललं नाही. ओढणीच्या आत खांदे हलत होते.

तेव्हा हमदमला कळलं, की आवाजात काही फाटलेलं नाही. बोट खाली गेलं की काम संपणार होतं, आणि काम संपलं की बाप व्हॅनमध्ये बसून घरी जाणार होता.

"झालं का, उस्ता?" मागून तुर्सूनअलीने विचारलं. "ऊन उतरायला लागलं. एवढासा स्क्रू तो."

हमदमने मीटर खिशात टाकलं. स्क्रू ड्रायव्हर स्क्रूतच राहू दिला, आणि पिळल्यासारखं करत मान खाली घातली.

"नाही व्याही," तो म्हणाला. "हात चालत नाही पूर्वीसारखा. थोडं राहिलंय अजून."